आठवं काडतूस

१

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास हॉइट टिडमोर स्वतःच्या शेडमध्ये, पीचच्या क्रेटांमध्ये मरून पडलेला सापडला. छातीत एकच गोळी होती. शेजारी त्याची थोरली वहिनी ऑर्फा उभी होती आणि तिच्या हातात तिचंच छोटं पिस्तूल होतं.

हे पाहिलं कार्लीनने. टिडमोरांचं रस्त्याकडेचं पीचचं दुकान ती सांभाळते. पुढचे क्रेट संपले म्हणून ती मागे शेडमध्ये आली. आधी ती किंचाळली, मग तिने फोन केला.

तीन वाजता डेप्युटी लॉनी गॅस्किन नेल्डा फॅरिसच्या दुकानात आला. नेल्डाने सीडर फोर्कच्या शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. नवरा गेल्यापासून त्याचं बंदुकांचं दुकान ती चालवत होती. लॉनीला तिने एकदा नापास केलं होतं, म्हणून कमरेला बिल्ला आला तरी तो तिच्यापुढे हॅट काढूनच उभा राही.

"हे तुम्हीच विकलंत ना, मिस नेल्डा?"

"मीच निवडून दिलं," ती म्हणाली.

त्याने दोन पारदर्शक पिशव्या काउंटरवर ठेवल्या होत्या. एकीत पिस्तूल. दुसरीत सात काडतुसं आणि एक रिकामी पुंगळी. नेल्डाने चष्मा लावला. प्रत्येक काडतुसाच्या बुडावर काळ्या शाईने बारीक अंक लिहिलेला होता, एक ते सात. पुंगळीवर आठ. अक्षर तिचंच होतं. वर्षाने काडतुसं बदलायची असतात, म्हणून गिऱ्हाइकाला भरून देताना ती अंक घालत असे.

लॉनीने सांगितलं ते थोडक्यात असं. सकाळी अकराला दीर-भावजयीचं गिऱ्हाइकांसमोर कडाक्याचं भांडण झालं. रस्त्याकडेची जमीन हॉइटला पेट्रोलपंपासाठी विकायची होती, ऑर्फाला नव्हती, आणि दोघांच्या सह्यांशिवाय ती विकली जाणार नव्हती. बाराला हॉइट मेला. पिस्तुलाच्या मुठीत सरकवायचं काडतुसांचं मॅगझिन पूर्ण भरलेलं होतं, सातच्या सात. नळी मात्र रिकामी. पुंगळी जमिनीवर.

"म्हणजे गोळी झाडली आणि मग शांतपणे सगळं आवरून, मॅगझिन पुरतं भरून ठेवलं," लॉनी म्हणाला. "एकाहत्तर वर्षांची बाई. माझ्या आईला दर वर्षी मुरंबा पाठवते. शेरीफसाहेब ऑपरेशन होऊन पडलेत, त्यामुळे हे सगळं माझ्याच डोक्यावर आलंय. सोमवारी तिला न्यायाधीशांपुढे उभी करणार. खुनाचा आरोप लागला तर या वयात ती तुरुंगातून परत यायची नाही."

नेल्डाने पिशवीतले अंक पुन्हा मोजले. सात भरलेले आणि नळी रिकामी. हे गणित असं सुटायला नको होतं.

२

ऑर्फा मार्चमध्ये आली होती, एप्रन घालून. नेल्डाची ती अटच असे: रोज जे अंगावर असतं तेच घालून या. नर्स कामाच्या कपड्यांत येत, पाद्री काळ्या सुटात, आणि एकदा एक नवरी लग्नाचा झगा पिशवीत घालून आली होती. पिस्तूल खिशासाठी निवडायचं असतं, भिंतीसाठी नाही, असं नेल्डा म्हणे.

आधीच्या हंगामात एका माणसाने ऑर्फाला खुर्चीसकट ढकलून दिलं होतं आणि गल्ला उचलून नेला होता. तेव्हापासून ती रस्त्याकडे पाठ करून बसत नसे.

"मला कुणाला मारायचं नाहीये ग," ती म्हणाली होती. "मारायला येणाऱ्याने विचार बदलावा, एवढंच."

"पर्समध्ये ठेवशील?"

"पर्स मी कुठेही विसरते. एप्रन मात्र मी चर्चलासुद्धा घालून गेले असते, पाद्रीबाबांनी हू की चू केलं नसतं तर."

नेल्डाने ड्रॉवरमधून स्प्रिंगचा काटा काढला. सामान तोलायचा साधा काटा, त्याच्या हुकाला लाकडाची चपटी पट्टी. ऑर्फाने पट्टी चिमटीत धरून ओढली. उजव्या हाताने सात पौंड, डाव्या हाताने पाच. नेल्डाने वहीत लिहून घेतलं. संधिवाताने ऑर्फाची बोटं मुळापाशी आल्याच्या गाठींसारखी फुगली होती.

मग काउंटरवर एकेक पिस्तूल आलं. रिव्हॉल्व्हर साधं आणि भरवशाचं, पण त्याचा चाप बारा पौंडांचा आणि एप्रनच्या खिशात ते भोपळ्यासारखं फुगून दिसे. चपटी छोटी पिस्तुलं खिशात बसत, पण जितकं पिस्तूल लहान तितकी त्याची स्प्रिंग ताठर. वरची स्लाइड मागे खेचली तरच पहिलं काडतूस नळीत चढतं, आणि त्याला अठरा पौंडांची ओढ लागे. ऑर्फाने तीन पिस्तुलांवर जोर लावून पाहिला. तिसऱ्याला तिने ते टेबलाच्या कडेवर आपटायला घेतलं तेव्हा नेल्डाने काढून घेतलं.

शेवटी नेल्डाने मागच्या कपाटातून एक जुन्या धाटणीचं, तळहातात मावणारं पिस्तूल आणलं. त्याच्या बाजूला छोटी कळ होती. अंगठ्याने ती दाबली की नळीचं मागचं टोक टपकन वर उचललं जाई, जेवणाच्या डब्याचं झाकण उघडावं तसं. काडतूस हाताने थेट नळीत ठेवायचं आणि नळी खाली दाबायची. स्लाइड ओढायचं कामच नाही. चाप आठ पौंडांचा. बोट वाकवून ओढणं ऑर्फाला जमे, तिची चिमूट तेवढी गेली होती.

"भरताना नळी उचलायची, रिकामी करतानाही नळीच उचलायची," नेल्डाने सांगितलं. "बाकीच्या पिस्तुलांत स्लाइडला एक बारीक नख असतं, ते नळीतलं काडतूस ओढून बाहेर टाकतं. याला नख नाही. गोळी सुटल्यावर पुंगळी स्फोटाच्याच जोराने बाहेर पडते. पण न झाडलेलं काडतूस स्वतः काढल्याशिवाय निघत नाही."

"माझ्या गेलेल्या नवऱ्यासारखं," ऑर्फा म्हणाली. "सोफ्यावरून."

मॅगझिनमध्ये सहा काडतुसं तिने स्वतः भरली, दहा मिनिटं लावून. सातव्याला तिचा अंगठा पुरेना. ते नेल्डाने बसवलं. आठवं ऑर्फाने नळीत ठेवलं. महिनाभर दर बुधवारी ती दुकानाच्या रेंजवर सरावाला आली. सराव दुकानाच्या काडतुसांवर चाले, आणि जाताना नेल्डा अंक घातलेली आठ काडतुसं पुन्हा तशीच भरून देई.

घरी नेताना तिला नियमांचा छापील कागद मिळाला. एक: त्या खिशात दुसरं काहीही ठेवू नये. दोन: पिस्तुलाला कातडी म्यान असावं, चाप झाकलेला राहील. तीन: कपडा अंगावरून उतरला की पिस्तूलही कुलपात जावं. चार: कुणालाही सांगू नये. लपवलेलं ते लपवलेलंच राहावं.

३

शुक्रवारी सकाळी नेल्डा कोठडीत ऑर्फाला भेटली. डब्यात मक्याचा पाव आणि लोणी होतं. ऑर्फाने त्याला हात लावला नाही.

तिने जे सांगितलं ते सरळ होतं. भांडण झालं, खरं आहे. बाराला पाच मिनिटं असताना ती घरात पाव भट्टीतून काढायला गेली. एप्रन शेडमधल्या खिळ्याला अडकवला, कारण आत फार उकडत होतं आणि दोन मिनिटांचं काम होतं. हो, तिसरा नियम मोडला. मग फट्ट असा आवाज आला. पाखरं उडवायची गॅसची तोफ दर दहा मिनिटांनी वाजते, म्हणून आधी तिने लक्ष दिलं नाही. नंतर वाटलं, आवाज जवळचा होता. ती शेडमध्ये आली. हॉइट पडला होता. पिस्तूल जमिनीवर होतं, ते तिने उचललं.

"का उचललंस?"

"माझं होतं म्हणून."

"शेडजवळ कोण कोण होतं?"

"कार्लीन पुढे दुकानात. तो गॉस, पेट्रोलपंपवाल्यांचा माणूस, कागद घेऊन आला होता. गाडीतच बसला होता बहुतेक."

"आणि ट्रूएट?"

ट्रूएट हा हॉइटचा मुलगा. आई लवकर गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. ऑर्फाला मूल नव्हतं, आणि त्याचं जेवणखाण, शाळा, तापपाणी सगळं तिच्याच स्वयंपाकघरात झालं होतं.

"तो खालच्या बागेत होता," ऑर्फा म्हणाली. फारच घाईने म्हणाली.

नेल्डाने विषय बदलला. "गोळी सुटल्यावर तू पिस्तुलाचं काही केलंस? मॅगझिन काढलंस? काही भरलंस?"

ऑर्फाने आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "या हातांनी? सातवं काडतूस कुणी बसवलं होतं, विसरलीस?"

"नाही विसरले. पण हे तू लॉनीला का नाही सांगितलंस?"

"त्याने विचारलं नाही."

"त्याने नाही विचारलं, की तुला नाही सांगायचं?"

ऑर्फाने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिने विचारलं, झाडावरच्या पीचचं काय चाललंय, कुणी उतरवतंय का. ट्रूएट उतरवतोय, असं नेल्डाने सांगितलं तेव्हा तिने मान डोलावली आणि पहिल्यांदा पावाचा तुकडा मोडला.

बाहेर येऊन नेल्डा गाडीत बसली आणि वहीत चार ओळी लिहिल्या. काडतुसं तीच आठ, नवीन एकही नाही. झाडलं गेलं ते आठवं. मॅगझिन आत असतं तर गोळी सुटताच स्लाइडने सातवं आपोआप नळीत चढवलं असतं. सातवं चढलं नाही.

म्हणजे गोळी सुटली तेव्हा मॅगझिन पिस्तुलात नव्हतंच.

माणूस मारायला निघालेला कुणी आधी मॅगझिन काढून ठेवतो का?

४

दुकानात तसलंच आणखी एक पिस्तूल होतं. नेल्डाने मॅगझिनमध्ये नारिंगी प्लॅस्टिकची सरावाची खोटी काडतुसं भरली, एक नळीत ठेवलं आणि ते कागदी पिशवीत घालून निघाली. प्रश्नांपेक्षा हातांवर तिचा जास्त विश्वास होता. प्रयोगशाळेत मुलं तोंडाने वाटेल ते सांगत, पण परीक्षानळी कशी धरली आहे त्यावरून तिला कळे की यांनी प्रयोग केला आहे की शेजाऱ्याचा उतरवला आहे.

कार्लीन पीचच्या दुकानात बसली होती, डोळे सुजलेले. हॉइटने बुधवारीच तिला सांगितलं होतं की पुढच्या हंगामाला येऊ नकोस. हे तिने स्वतःच सांगितलं.

"आता म्हणाल, राग होता म्हणून मी मारलं," ती म्हणाली. "राग होताच. पण मी त्याला शिव्या घालते, मिस नेल्डा, तोंडावर. सगळ्या रस्त्याला ऐकू जातात."

ऑर्फाकडे पिस्तूल आहे हे तिला ठाऊक नव्हतं. नेल्डाने पिशवी पुढे केली. कार्लीनचं मनगट जुन्या अपघातात मोडलं होतं, आणि नेल्डाच्या दुकानातल्या नेमबाजीच्या वर्गात तीही याच प्रकारचं पिस्तूल शिकली होती. तिने अंगठ्याने कळ दाबली, नळी उचलली, नारिंगी काडतूस काढून हातावर घेतलं. "हे घ्या. मला आठवतंय अजून."

लमार गॉस कोपऱ्यावरच्या खानावळीत आइस्ड टी पीत होता. शहरातला माणूस, इस्त्रीचा शर्ट. हॉइट गेला आणि त्याचा सौदाही गेला, कारण सहीला तयार असलेला माणूस तोच एक होता. आता बाग कोर्टात अडकेल आणि वरिष्ठ मला फाडून खातील, असं तो बराच वेळ सांगत राहिला. फट्ट आवाज त्याने गाडीतून ऐकला होता. त्यानंतर ट्रॅक्टर सुरू झाल्याचाही.

"कुणाचा ट्रॅक्टर?"

"बागेत ट्रॅक्टर असतात, बाई. मी त्यांची नावं नाही विचारत."

पिस्तूल पाहताच त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "ते माझ्याकडे करू नका. मी याच्यातला नाही. माझी बायको घरात भाजी चिरायची सुरीसुद्धा मला देत नाही."

ट्रूएट खालच्या बागेत शिडीवर होता. सव्वीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. पट्ट्याला तालुक्याच्या नेमबाजीचं पितळी बक्कल होतं. दर शनिवारच्या स्पर्धेत तो पहिला यायचा आणि लॉनी दुसरा. दोघांनाही खिशातल्या छोट्या पिस्तुलांचं वावडं होतं. ती बायकांची खेळणी आहेत, असं ते नेल्डाला काउंटरवर चिडवत.

तो शिडीवरून उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "या, मिस नेल्डा." काल दिवसभर मी इथेच होतो, असं त्याने सांगितलं. लॉनीलाही त्याने हेच सांगितलं होतं. काकूकडे पिस्तूल आहे हे त्याला माहीत नव्हतं. असलं पिस्तूल त्याने कधी हातातही घेतलेलं नव्हतं.

"काकूने केलं नाहीये," तो म्हणाला. "तुम्ही लॉनीला समजवा ना. तुमचं ऐकतो तो."

"समजवीन. त्याआधी हे बघ, असलंच होतं ते. यावरून काही सुचतंय का?"

तिने पिस्तूल त्याच्या हातात दिलं. त्याने ते क्षणभर तसंच धरलं, जड असल्यासारखं. मग नळी जमिनीकडे केली, अंगठा कळीवर नेला, नळी उचलली, नारिंगी काडतूस दोन बोटांनी काढलं आणि क्रेटच्या कडेवर ठेवलं. त्यानंतर मॅगझिन काढलं. नळीतून उजेडाकडे पाहिलं. करंगळी घालूनही पाहिली.

"काही सुचत नाही," तो म्हणाला.

नेल्डाने पिस्तूल पिशवीत घातलं आणि त्याचे आभार मानले. तिला जे पाहायचं होतं ते पाहून झालं होतं, आणि ते पाहायला मिळालं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला गाडीपर्यंत चालताना वाटत राहिलं.

५

शनिवारी दुकान उघडताच तिने लॉनीला बोलावलं. कॉफी ओतली. पिशवीतलं पिस्तूल काउंटरवर ठेवून म्हणाली, "हे जरा रिकामं करून दे मला. वर्गासाठी हवंय. भरलेलं असेल."

"तुमच्या दुकानात भरलेलं?" लॉनी हसला. बोलता बोलताच त्याने मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, स्लाइड खटकन मागे ओढली आणि काउंटरकडे नजर टाकली. काही बाहेर पडलं नाही. त्याने स्लाइड सोडली, कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडे नळीचं तोंड केलं आणि चाप ओढला. टक्.

"रिकामं आहे," तो म्हणाला.

नेल्डाने ते त्याच्या हातातून घेतलं, कळ दाबली आणि नळी उचलली. नारिंगी काडतूस आत बसलेलं होतं. त्याच्या बुडावर आघाताची ताजी खूण होती.

लॉनीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण रंग गेला.

"खरं असतं तर बादलीत गोळी गेली असती," नेल्डा म्हणाली. "आता सांग, चाप का ओढलास?"

"रेंजवर तसंच करतात. मॅगझिन काढा, स्लाइड ओढा, दाखवा, स्लाइड सोडा, चाप ओढा. रिकामं असल्याची खात्री म्हणून. हजार वेळा केलंय."

"म्हणूनच विचार न करता केलंस. स्लाइड ओढली, काही पडलं नाही, म्हणजे नळी रिकामी. दुसऱ्या कुठल्याही पिस्तुलात ते खरं ठरलं असतं. याला नख नाही, लॉनी. काडतूस नळीतच राहतं."

तिने वही उघडून त्याला चार ओळी दाखवल्या. आठवं झाडलं गेलं, सातवं जागचं हललं नाही. म्हणजे मॅगझिन बाहेर होतं. ऑर्फाला मॅगझिन काढण्याची गरज नव्हती, तिला नळी उचलता येत होती. स्लाइड ओढणं तिच्या हाताला शक्य नव्हतं, ते पौंड वहीत लिहिलेले होते. आणि सातवं काडतूस काढून परत बसवायला तिचा अंगठा पुरला नसता.

"दुसऱ्या कुणी मारलं असेल आणि मागून मॅगझिन भरलं असेल तर?" लॉनीने विचारलं.

"खुनी पळतो. आवराआवर करत बसत नाही. हा खूनच नाहीये. कुणीतरी ते पिस्तूल सुरक्षित करायला गेला, शिकवल्याप्रमाणे, नीट, पायरी पायरीने. आपल्याकडे भरलेलं हत्यार दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. दिलं तर तो अपमान समजतात. तो ते कुणाच्या तरी हातात द्यायला रिकामं करत होता."

लॉनीने हॅट काउंटरवर ठेवली. "असं करणारे इथे दोघेच आहेत, मिस नेल्डा. मी, आणि..."

"काल मी त्याला हेच पिस्तूल दिलं. मला वाटलं होतं, तोही तुझ्यासारखंच करेल. नाही केलं. त्याने आधी नळी उचलली. असलं पिस्तूल कधी हातात घेतलं नाही म्हणाला, आणि ती कळ न शोधता अंगठा तिच्यावर गेला. करंगळी घालून पाहिलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, लॉनी. त्याचं तोंड गुरुवारी पोळलं."

६

ट्रूएट शेडमध्येच होता. जमीन धुतलेली होती, आणि तो त्याच ठिकाणी बसून पीच निवडत होता, कारण पीच कुणासाठी थांबत नाहीत. लॉनी दारात उभा राहिला. नेल्डा पुढे जाऊन एका पालथ्या क्रेटवर बसली.

"नळी उचलायची कळ तुला कुणी दाखवली?" तिने विचारलं.

त्याने हातातला पीच क्रेटमध्ये ठेवला, डाग नसलेल्या बाजूने वर.

"कुणीच नाही," तो म्हणाला. "नंतर पाहिली. आधी दिसलीच नाही."

मग त्याने सांगितलं, शांतपणे, पाठ केल्यासारखं. क्रेटवर नाव लिहायला खडू हवा होता. काकूच्या एप्रनच्या खिशात खडू असतो. वर्षानुवर्षं असायचा. हात घातला तर म्यान लागलं. बाबा दाराशी होते. काय आहे रे, म्हणाले, बघू इकडे, ती स्वतःच्या पायात गोळी घालून घेईल एक दिवस. भरलेलं त्यांच्या हातात कसं देणार? म्हणून मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, काही पडलं नाही. नळीचं तोंड भिंतीकडे केलं. चाप ओढला त्याच वेळी बाबा क्रेट ओलांडून आले, हात पुढे करून.

"घ्यायला आले होते," तो म्हणाला.

मॅगझिन डाव्या हातात तसंच राहिलं होतं. त्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून सवयीने आत सरकवलं, तेव्हा बाजूची ती कळ दिसली, आणि पिस्तूल जमिनीवर टाकलं. खाली बसून बाबांच्या छातीवर हात ठेवला. काही नव्हतं. तेवढ्यात घराचं जाळीचं दार वाजलं आणि तो मागच्या दाराने ट्रॅक्टरकडे गेला. काकूवर येईल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. आणि आल्यावर, दर तासाला तो ठरवत होता की पुढच्या तासाला सांगायचं.

"आपल्या हाताने बाप मेला, हे वाक्य म्हणून बघा, मिस नेल्डा. शिडीवर उभं राहून म्हणत होतो मी. बाहेर येत नव्हतं."

"आता आलं," ती म्हणाली.

लॉनीने त्याला बेड्या घातल्या नाहीत. दोघे गाडीकडे चालत गेले तेव्हा लांबून पाहणाऱ्याला शनिवारच्या स्पर्धेला निघालेले दोन मित्र वाटले असते.

७

सोमवारी न्यायाधीशांपुढे ऑर्फा उभी राहिलीच नाही. ट्रूएटवर खुनाचा आरोप लागला नाही. निष्काळजीपणाचा लागला, आणि गप्प राहिल्याचा वेगळा. तो जामिनावर घरी आला आणि दुसऱ्या दिवशी शिडीवर चढला.

मंगळवारी ऑर्फा नेल्डाच्या दुकानात आली. एप्रन घातलेला होता, खिसा सपाट. काउंटरवर तिने पीचची टोपली ठेवली.

"तुला माहीत होतं," नेल्डा म्हणाली.

"त्याचा ट्रॅक्टर मला ओळखू येत नाही का? त्याचा क्लच मीच दुरुस्त करून आणलाय दोनदा. मला एवढंच कळलं की तो होता. का, ते नव्हतं कळलं. मला वाटलं, बापाशी भांडला असेल." ती थांबली. "तुझे उपकार, त्याने भांडून मारलं नाही हे तरी मला कळलं."

"माझे उपकार कसले."

"ते मला दुसरं देशील का, तसलंच? दुकानात एकटी बसायचं आहे मला अजून."

नेल्डाने कपाटातून पिस्तूल आणलं. ऑर्फाने ते हातात घेतलं, कळ दाबली, नळी उचलून आत पाहिलं आणि परत बंद केली.

"एवढंच तर आहे हे," ती म्हणाली. "दोन मिनिटं लागली असती त्याला दाखवायला. मी दाखवणार होते ग, एप्रिलमध्ये, तो जेवायला बसला होता तेव्हा. एवढं साधं यंत्र, त्याला आवडलं असतं. पण तू म्हणाली होतीस, कुणालाही सांगायचं नाही."

हे तिने तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. ऑर्फाची सहा काडतुसं भरून होईपर्यंत नेल्डाने वाट पाहिली, सातवं स्वतः बसवलं, आणि ऑर्फाने आठवं नळीत ठेवलं.

ती गेल्यावर नेल्डाने काउंटरखालून नियमांच्या कागदांचा गठ्ठा काढला. शंभरएक असतील. पेन घेऊन तिने पहिल्या कागदावरचा चौथा नियम खोडला आणि खाली लिहिलं: ज्याचा हात त्या खिशात जाऊ शकतो, त्याला नळी उचलून दाखवा. मग तिने दुसरा कागद घेतला. नवीन छापून आणता आले असते, पण उरलेली दुपार तिने एकेक कागद हातानेच दुरुस्त केला.